तात्यांचा सपाट पडदा

“माणूस कडक होता, पण कुणाचं वाकडं केलं न्हाय हो त्यानं.”

रक्षाविसर्जन उरकून माणसं नुकतीच घरी परतली होती. पुरुष अंगणातल्या नळावर हातपाय धूत होते, बायका सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्यातल्याच कुणीतरी हे म्हटलं. शेजारच्या घरून आलेला चहा कपांत ओतून मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले होते. “व्हय की,” दुसरी म्हणाली, “तोंडाचा फटकळ तेवढा. पोटात काय न्हाय.” तिसरीनं पदरानं नाक पुसत मान हलवली. मी ट्रे घेऊन बाहेर गेले, एकेकीपुढे धरला... आणि कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता परत आले. आमच्या भावकीत मला सगळे ‘गप पोरगी’ म्हणूनच ओळखतात, त्यामुळे त्यात कुणाला वेगळं काही वाटलं नसणार.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते पेपर वाचायला खुर्चीत बसले आणि काकू चहा घेऊन आल्या तेव्हा पेपर मांडीवर पडलेला होता. दुखलं नाही, खुपलं नाही, पुण्यवान माणूस, असं लोक दिवसभर म्हणत होते. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ विक्रमदादा, दुपारपर्यंत पुण्याहून पोचला. दिवसकार्य झाल्यावर त्यानंच मला सांगितलं, “अनू, तू तात्यांवर काहीतरी लिही. तुझं मराठी आता बरं झालंय.” चार चांगल्या ओळी लिहायच्या म्हणून मी तीनदा बसले. पण त्या चार ओळी लोकांनी सोप्यात बसून केव्हाच बोलून टाकल्या होत्या. माझ्याजवळ शिल्लक राहिलंय ते वेगळं आहे, आणि ते एका संगणकाचं आणि त्याच्या पडद्याचं आहे.

तात्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिक विभागाचे फोरमन होते. गळीत हंगामात यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागलेली, ती घरी आल्यावरही उतरायची नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आम्ही दोन कुटुंबं एकत्र राहत होतो, आणि आजोबा गेल्यापासून शेवटचा शब्द तात्यांचा असायचा. पप्पा त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. घराला रंग कुठला द्यायचा हेसुद्धा ते तात्यांना विचारायचे, आणि तात्या सांगायचे. जेवताना भाजीत मीठ कमी असलं तर तात्या ताट सरकवून नुसते बसून राहायचे, कुणीतरी विचारेपर्यंत. विचारलं की, “काय न्हाय, आजारी माणसाचं जेवण वाढलंय, म्हणून वाट बघतोय कोण आजारी हाय त्याची.” सगळे हसायचे. जिनं भाजी केली असेल ती बाई, म्हणजे माझी आई किंवा काकू, हीसुद्धा हसायची.

मी सात वर्षांची असताना त्यांनी तो संगणक आणला. आखाती देशातून परत आलेल्या कुणा ओळखीच्याचा जुना. आजच्या मुलांना तो संगणक वाटणार नाही. नुसता एक जाडसर काळा कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं. पडदा म्हणून घरातला टीव्ही लावायचा आणि प्रोग्राम गाण्याच्या कॅसेटवर असायचे. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालून सुरू केली की पाच मिनिटं किंचाळल्यासारखा आवाज यायचा आणि मग टीव्हीवर अक्षरं उमटायची. त्याच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. तात्यांना इंग्रजी अक्षरं जुळवता यायची, पण त्या पुस्तकातली वाक्यं त्यांना दाद देत नव्हती. विक्रमदादा मराठी शाळेत आठवीत होता, तोही तिथंच अडायचा. मग तात्यांनी मला हाक मारली.

“काय गं कॉन्व्हेंट, वाचायला येतंय का नुसतीच फी भरतोय तुझा बाप?”

मी वाचलं. एकेक वाक्य वाचायचं, जेवढं कळेल तेवढं मराठीत सांगायचं. मग माझा हात आपोआप त्या रबरी बटणांकडे गेला आणि तात्यांनी तो मनगटाला धरून बाजूला केला. मारलं वगैरे नाही. फक्त उचलून ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. “तू वाच. विक्रम दाबेल.” पुढची दहा वर्षं आमच्याकडे हीच पद्धत होती. मी स्टुलावर बसून वाचायची, दादा दाबायचा. त्या पुस्तकातलं प्रत्येक पान मला पाठ झालं. दादाला खरं तर क्रिकेट खेळायला जायचं असायचं. कुठली ओळ कशासाठी हे तो कधी विचारायचा नाही, मी सांगितलं की दाबून मोकळा.

त्या यंत्रावर तात्यांनी पत्रिका जुळवायचा प्रोग्राम बसवून घेतला. बसवून घेतला म्हणजे, ओळखीच्या एका जोशीबुवांच्या वहीतले तक्ते समोर ठेवून, दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या, मी सांगितलं आणि दादानं दाबलं. मुलाचं नक्षत्र, मुलीचं नक्षत्र आकड्यांत घालायचं आणि खाली छत्तीसपैकी गुण यायचे. हळूहळू गावात झालं, की मंगळवार पेठेत एकांच्याकडं काम्प्युटरवर गुण बघतात. रविवारी सकाळी माणसं यायची. कुणी जोतिबाचं दर्शन करून, कपाळावरचा गुलाल तसाच ठेवून येत. तात्या काही घ्यायचे नाहीत, चहा मात्र आमच्याकडून प्यायलाच लागायचा. ते खुर्चीत बसायचे, कॅसेटचा आवाज संपेपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत, आणि मग आकडा मोठ्यानं वाचायचे. एकदा एक मुलगी आईवडिलांबरोबर स्वतः आली होती. हिरव्या साडीतली, माझ्याकडे बघून हसलेली. अठराच्या खाली गेलं की जमत नाही, हे सगळ्यांना माहीत असायचं. तात्या म्हणाले, “सतरा. दुसरं बघा.” तिचे वडील म्हणाले, एका गुणानं काय व्हतंय तात्या, पोरगं पसंत हाय आमाला. “मग माज्याकडं कशाला आलासा? घरीच वाजवायची हुती की वाजंत्री.” सगळे हसले. ती मुलगी साडीच्या काठाकडे बघत राहिली... तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. त्या तक्त्यातला एक आकडा दादाच्या हातून चुकलेला होता, तो मी दोन महिन्यांनी शोधला. मी तो तात्यांना सांगितला. “बरं. दुरुस्त करायला सांग त्याला,” म्हणाले. त्या मुलीकडे निरोप पाठवायचा का, असं मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला पाहिजे होतं.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात त्या संगणकाचा टीव्ही गेला. दादा तोवर पुण्यात नोकरीला लागला होता. गणपतीला येताना तो पंधरा इंची सपाट पडदा घेऊन आला, एसटीत मांडीवर ठेवून. पेठेत तेव्हा सपाट पडदे कुणाकडे नव्हते. खोकं उघडलं तेव्हा शेजारचे चार जण बघायला जमले. तात्यांनी तो कडेनं धरून बघितला, पाठीमागून बघितला. “ह्याचं पोट कुठं गेलं?” म्हणाले. मग मला हाक आली, “कॉन्व्हेंट, वाच.” मी सोबतची पुस्तिका वाचली. मऊ कोरड्या फडक्यानं पुसावा. ओलं लावू नये. पडद्यावर बोटानं दाबू नये, आतला भाग कायमचा बिघडू शकतो. हे वाक्य मी वाचलं, मराठीत सांगितलं, आणि तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, “ऐकलं.”

पण पडदा काही लागेना. जुना संगणक चित्र पाठवायचा ते टीव्हीच्या अँटेनाच्या वायरीतून, एखाद्या चॅनेलसारखं. नव्या पडद्याच्या मागे ती वायर जायला जागाच नव्हती, नुसतं बारक्या पिनांचं एक निळं सॉकेट. दादाची सुट्टी संपली, तो पुण्याला गेला. तात्यांनी वायर कापून, सोलून, तांब्याच्या तारा त्या भोकांत घालून बघितल्या. फोरमन माणूस. पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढंच यायचं आणि थोड्या वेळानं तेही विझायचं. मग त्यांनी सगळं पिशवीत घालून शाहूपुरीतल्या एका दुकानात नेलं. मला बरोबर घेतलं, काही वाचायला लागलं तर. दुकानदारानं कीबोर्ड उलटा करून बघितला, पडद्याकडे बघितलं, आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पावणं, म्हाताऱ्याला कोवळी नवरी आणलीसा. गुण जुळत न्हाईत ह्यांचं!”

त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं तो कुणाला काय म्हणतोय. तात्यांचं तोंड लाल झालं. परत येताना स्कूटरवर मी मागे बसून, खरं सांगते, मनातल्या मनात हसत होते.

पुढच्या तीन रविवारी आलेली माणसं चहा पिऊन परत गेली. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीकडे मी अभ्यासाला जायची, तिचा भाऊ संगणकाच्या पडद्यावर केबल टीव्ही बघायचा. मध्ये एक डबी होती, वहीएवढी, टीव्ही ट्यूनर बॉक्स म्हणायचे त्याला. एका बाजूनं केबलची वायर आत, दुसऱ्या बाजूनं पिनांची वायर बाहेर. ती बघताना माझ्या डोक्यात आलं, आपला संगणक स्वतःला एक चॅनेलच समजतो ना... मग ह्या डबीलाही तो चॅनेलच वाटेल. मी पप्पांना सांगितलं. पप्पांनी कधी नव्हे ते कुणाला न विचारता ती डबी आणून दिली. शनिवारी दुपारी तात्या झोपले असताना मी जोडणी केली आणि डबीला सगळे चॅनेल शोधायला लावलं. नुसत्या मुंग्या, मग निळं, मग परत मुंग्या. आकडे पुढे सरकत होते आणि मी श्वास धरून बसले होते. आणि मग ते आलं. पांढरा पडदा आणि खाली कोपऱ्यात काळ्या अक्षरांची एक ओळ. थोडं पसरट, कडा जरा धुरकट, पण आलं. रबरी बटणावर मी बोट ठेवलं आणि दाबलं. दहा वर्षांत पहिल्यांदा.

मागे तात्या उभे होते. कधी उठून आले कळलं नाही. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. मी वळून बघितलं तर म्हणाले, “बाजूला हो.” मी झाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोपा भरलेला. कुणीतरी विचारलं, तात्या, ह्ये कसं जमवलासा? “विक्रमनं पुण्यातनं फोनवर सांगितलं, मी जोडलं. अवघड काय न्हाय त्यात.” पप्पा दाराशी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जरा हसले, म्हणजे, चालायचंच. मलाही तेव्हा चालायचंच वाटलं होतं. नुसतं श्रेय घेण्यावर गोष्ट थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, खुरपं, तात्यांचे स्क्रू ड्रायव्हर, त्यांचा मीटर, स्कूटर, आणि संगणक आल्यापासून तोही. आदल्या दिवशी तात्यांनी मला पडदा पुसून ठेवायला सांगितलं, मी कोरड्या फडक्यानं, हलक्या हातानं पुसला. पूजेच्या वेळी काकू ताट धरून त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. कुंकवाची वाटी, हळद, झेंडूची फुलं, निरांजन. मी दाराच्या चौकटीत. पप्पा आणि आई स्कूटर धुवायला बाहेर गेले होते. टीव्ही असताना तात्या त्याच्या काचेवर अंगठ्यानं कुंकवाचा टिळा ओढायचे, खालून वर, दाबून, पैलवानाच्या कपाळाला लावतात तसा. जाड काच ती, तिला काय होणार. दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचे. त्या दिवशी त्यांनी ताटातून कुंकू घेतलं, अंगठा ओला केला, आणि मला कळलं ते काय करणार आहेत. मी तोंड उघडलं. तात्या, नको, एवढे दोनच शब्द होते... ते माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी पडदा मागं भिंतीला टेकवून अंगठा रोवला होता आणि वर ओढला होता. पडदा चालू होता. अंगठ्याभोवती पाण्यावर तेल पसरावं तसे रंग पसरले. तात्यांनी हात काढला, रंग ओसरले, आणि मध्ये अंगठ्याएवढा एक काळा डाग राहिला. वर एक शेपटी. तात्या पुसायला गेले तर कुंकू गेलं, डाग गेला नाही.

आम्ही तिघं होतो तिथं. काकूंनी ताटातलं निरांजन सावरलं. तात्यांनी बाकीची पूजा पुरी केली, एकही मंत्र न गाळता.

संध्याकाळी दादा दसऱ्यासाठी आला. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याचं पडद्याकडे लक्ष गेलं. “हे काय झालं?” तात्या सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, “काल हिनं पुसला. फडक्यानं रगडला असंल. हात लावू नको म्हणून धा वर्सं सांगतोय.”

मी काकूंकडे बघितलं. काकू फुलांची टोपली उचलून आत गेल्या.

पप्पांना फार वाईट वाटलं, दादानं पुण्याहून मांडीवर आणलेला पडदा. ते माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “अनू, सॉरी म्हण तात्यांना.” मी सतरा वर्षांची होते. बारावीत. सगळे बघत होते आणि माझे कान तापले होते... मी म्हणाले, “सॉरी तात्या.” तात्या म्हणाले, “असू दे, असू दे. पोरीची जात.” रात्री मी आईला खरं काय ते सांगितलं. आईनं केसांची वेणी घालायची थांबवली, मग परत घालायला लागली. “असू दे. तात्या हाईत ते. तू शहाणी हाईस न्हवं?”

डाग नेमका तिथं पडला होता, जिथं गुणांचा आकडा यायचा. रविवारी तात्यांना मान वाकडी करून, कडेनं बघून आकडा वाचायला लागे. दोनदा चुकला. हिवाळ्यात एके दिवशी कुणी नसताना त्यांनी मला हाक मारली. “आकडा दोन वळी खाली घेता येतोय का?” येतो म्हटलं. त्यांनी खुर्ची सोडली. पहिल्यांदाच. मी बसले, प्रोग्रामची ती ओळ काढली, बदलली, चालवून दाखवली. आकडा डागाच्या खाली स्वच्छ आला. तात्या माझ्या खांद्यामागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. म्हणाले, “येतंय की तुला.”

मला वाटलं, आता म्हणतील. घरात कुणी नव्हतं, कमीपणा वाटायचं कारण नव्हतं. डाग आमच्या दोघांच्या समोर होता. मी वाट बघितली. ते म्हणाले, “कॅसेटवर भरून ठेव,” आणि चपला घालून बाहेर गेले.

जूनमध्ये बारावीचा निकाल लागला. सांगलीच्या एका कॉलेजात काम्प्युटर इंजिनिअरिंगला माझा नंबर लागत होता. मी फॉर्म भरून ठेवला होता, पप्पांची सही व्हायची होती. पप्पा फॉर्म घेऊन सोप्यात गेले, रंग विचारायला जायचे तसे. तात्यांनी फॉर्म चाळला. काकू खाली बसून तांदूळ निवडत होत्या. “काम्प्युटर?” तात्या म्हणाले. “घरातला एक पडदा महिनाभर टिकला न्हाय हिच्या हातात. तिथं पन्नास असत्यात. बी.कॉम. कर म्हणावं. हितंच, घराजवळ.” पप्पा म्हणाले, “आवड आहे तिला, तात्या.” “आवड मलाबी हुती इमान उडवायची.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं, हे मला सांगितलं पाहिजे, त्यांनी विचारलं, “अनू, तुझं काय म्हणणं?” काकूंची बोटं तांदळात थांबली. तात्या सुपारी कातरत होते. सहा महिन्यांपूर्वी ‘येतंय की तुला’ म्हणालेला माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याला पक्कं माहीत होतं मी काय बोलू शकते. आणि हेही माहीत होतं, की मी बोलणार नाही. मी बोलले नाही. आता बोलून कोण विश्वास ठेवणार, सॉरी तर मीच म्हटलेलं. काकूंची बोटं परत चालायला लागली.

मी बी.कॉम. झाले. यंदा निकाल लागला.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट आहे, ती सांगितली नाही तर मीही त्यांच्यासारखीच होईन. मला इंग्रजी शाळेत घालायचं तात्यांनीच ठरवलं होतं. पप्पा तयार नव्हते. “घरात एक तरी इंग्रजी वाचणारं पायजे,” असं म्हणून त्यांनी स्वतः स्कूटरवर नेऊन माझं नाव घातलं, आणि पहिलं वर्षभर सोडायला तेच यायचे. मी बऱ्याच वेळा ह्या गोष्टीचा विचार केला आहे. प्रत्येक वेळी मला ‘वाचणारं’ हा शब्द ऐकू येतो. वाचणारं हवं होतं. दाबणारं नाही.

गेल्या रविवारी काकूंचे भाऊ, शिवामामा, बिद्रीहून बहिणीला भेटायला आले. दादाही आला होता. संगणकाचं काय करायचं, हा विषय निघाला. काकू म्हणाल्या, “ठेवा रं. त्यांची आठवण हाय.” मामांनी तो कधी चालू बघितला नव्हता, म्हणून दादानं बटणं चालू केली. डबीचा दिवा लागला, पडदा निळा झाला, पुढे काही नाही. दादानं इकडून तिकडून दाबलं आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, म्हणाला, “अनू, लाव गं हे. मला ह्यातलं कधीच काही कळलं नाही.” मी पप्पांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. मी पुढे होऊन चॅनेल लावला. पांढरा पडदा आला, आणि पांढऱ्यावर डाग जास्तच काळा दिसला.

शिवामामा खुर्चीतून पुढे वाकले. “आक्का, ह्यो काळा डाग कसला गं? कुणी बुक्की मारली का काय?”

काकूंनी पदर सारखा केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरं तर फार मायेनं बोलल्या, आणि बोलता बोलता माझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. “आमच्या अनूकडनं झालता, पुसताना. ल्हान हुती रं. त्यांनी कवाच माफ केलं तिला.”

माझ्या पाठीवर त्यांचा हात होता. मी तो तसाच राहू दिला, त्यांच्याकडे वळले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

“काकू, त्या दिवशी पूजेचं ताट तुमच्या हातात होतं.”